‘मग माझा बाप पापी होता का?’

पत्र : ताई, मी भुसावळला रेल्वेच्या इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये टेक्निशियन आहे. आमचं घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. शेडमध्ये माझा एक जिवाभावाचा मित्र आहे. यावल तालुक्यातला, लेवा पाटील, वारकरी घरातला. गेल्या महिन्यात त्याच्या वडिलांचं वर्षश्राद्ध होतं. तिथलं जेवण आपल्याला चालत नाही असं आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांचं म्हणणं, म्हणून मी गेलोच नाही. नंतर एक दिवस डबा खाताना तो म्हणाला, ‘तुमच्यात नेमकं आहे काय भो? येशूचं म्हणणं तरी काय?’ मला वाटलं, देवानंच संधी दिली. संडे स्कूलमध्ये पाठ केलेलं सगळं एका दमात सांगितलं. सर्वांनी पाप केलं आहे, पापाचं वेतन मरण आहे, येशू आपल्यासाठी मेला, विश्वास ठेवशील तर तारण होईल. तो म्हणाला, ‘मग माझा बाप पापी होता का? कुठं गेला तो?’ मला काही सुचेना. त्यानं डब्याचं झाकण लावलं. तेव्हापासून आम्ही कामापुरतं बोलतो. मला त्याला सुवार्ता, म्हणजे येशूची शुभ बातमी, नीट सांगायची आहे. कशी सांगू? का आता सांगूच नको?
(भुसावळचा एक वाचक)

भाऊ,

तुमच्या मित्रानं त्या दिवशी तोंडानं एक विचारलं आणि त्याच्या पोटात दुसरं होतं. ‘तुमच्यात नेमकं आहे काय’ म्हणजे त्या घडीला ‘माझ्या बापाच्या वर्षश्राद्धाला तू आला का नाहीस’. इतकी वर्षं ज्याच्याबरोबर भाकरी मोडली तो माणूस दारात आला नाही आणि त्याचं कारण धर्म निघालं, तर हा धर्म आहे तरी कसला असं कोणीही विचारेल. तुमच्या कानावर फक्त येशूचं नाव पडलं. म्हणून आधी श्राद्धाचं बोलू, सुवार्तेचं मागून.

जेवणाचा हा पेच फार जुना आहे. ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या पहिल्या ख्रिस्ती मंडळीपुढेही, म्हणजे तिथल्या चर्चपुढेही, तो होता, कारण तिथल्या बाजारात विकायला येणारं मांस पुष्कळदा आधी देवळात वाहिलेलं असायचं. येशूची बातमी गावोगाव नेणारा प्रेषित पौल, त्यानं करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आठव्या आणि दहाव्या अध्यायांत त्याचं उत्तर आहे. ते स्वतः वाचा, कारण ते एका ओळीत मावणारं नाही. मूर्तीच्या देवळातल्या पंगतीला बसू नका, असं तो म्हणतो. पण विश्वास न ठेवणाऱ्या कोणी जेवायला बोलावलं आणि तुम्हाला जावंसं वाटलं, तर पुढ्यात येईल ते चौकशा न करता खा, असंही तोच म्हणतो. आणि तिथं कोणी मुद्दाम सांगितलं की हे वाहिलेलं आहे, तर त्या सांगणाऱ्याच्या मनासाठी खाऊ नका. आपल्याकडच्या मंडळ्यांमध्ये यावर आजही एकमत नाही आणि ते होण्याची मला आशाही नाही. मी स्वतः नैवेद्याचं घेत नाही. पण शेजारी कानबाई देवी बसली की रात्री गाण्यांना जाऊन बसते. शेजारणींनी माझ्या न खाण्याचा कधी बाऊ केला नाही, कारण मी आलेली त्यांना दिसते.

खायचं की नाही हा प्रश्न जायचं की नाही याच्यापेक्षा फार लहान आहे. सकाळी जाऊन त्याच्या मायजवळ अर्धा तास बसून, पाणी पिऊन परत येता आलं असतं. पाळकसाहेबांनी जेवू नका म्हटलं होतं, जाऊ नका म्हटलं होतं का? तुमच्या पत्रात तरी तसं नाही. न जाण्याचा भाग तुम्ही तुमच्या पदरचा घातलात. तेव्हा आता त्याच्या घरी जा. ‘चुकलं माझं, यायला पाहिजे होतं’ एवढं म्हणा आणि त्यात पाळकसाहेबांना ओढू नका. त्या दिवशी सुवार्ता नको, त्या विषयाची प्रस्तावनासुद्धा नको. क्षमा मागून झाल्यावर ‘बरं, त्या दिवशीचं मी सांगत होतो ना...’ असं सुरू केलंत, तर क्षमा हे निमित्त होतं हे त्याच्या मायलाही कळेल.

आता दुसऱ्या वाचकांसाठी दोन शब्द, कारण हे सदर वाचणारे बहुतेक जण ख्रिस्ती नाहीत. मित्राला आपला धर्म सांगायची गरजच काय, असं त्यांना वाटत असेल. शंका रास्त आहे. ख्रिस्ती माणसाला वाटतं की त्याच्याकडे एक बातमी आहे आणि ती सगळ्यांसाठी आहे. ती सांगा असं येशूनं शिष्यांना जाताना बजावलं, हे मत्तयच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे त्यानं लिहिलेल्या येशूच्या चरित्राच्या, अगदी शेवटी आहे. आपल्या संविधानाचं 25वं कलमही धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतं. सर्वोच्च न्यायालयानं 1977 साली स्टॅनिस्लॉस खटल्यात त्याचा अर्थ लावला : प्रसार म्हणजे आपली तत्त्वं दुसऱ्याला समजावून सांगणं, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. पुष्कळ ख्रिस्ती लोकांना हा निकाल खुपतो. मला तो तितका खुपत नाही. मन बदलणं हे माणसाच्या हातातलं काम नाही, असं आमचं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबलच म्हणतं. मग तो हक्क मागून मी काय करणार?

त्याच ओघात, भाऊ, तुम्हाला एक बजावते. नोकरी, पैसा, पोरांची फी, आजारातून बरं होण्याची हमी, यातलं काहीही सुवार्तेच्या बोलण्याला चिकटू देऊ नका. ‘प्रार्थनेला ये, तुझ्या मुलीचा दमा जाईल’ हे वाक्य आपल्या भागात सर्रास ऐकू येतं. दमा गेला नाही तर त्या मुलीनं काय समजायचं? आणि शेडमध्ये ग्रेडनं तुम्ही त्याला वरचे असाल तर ड्युटीवर हा विषय तुमच्याकडून निघताच कामा नये. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवणं म्हणजे सुवार्ता सांगणं, असं समजणाऱ्यांबद्दल मी इथं काही लिहीत नाही, जागा कमी आहे.

तुम्ही पाठ म्हटलेल्या चार ओळींकडे येते. त्या खोट्या नाहीत. जवळजवळ सगळ्या पौलाच्या रोमकरांस पत्रातल्या आहेत : तिसरा अध्याय, पाचवा, सहावा, दहावा. अडचण अशी की हे पत्र पौलानं रोममधल्या ज्या लोकांना लिहिलं ते आधीच विश्वासात आलेले होते. त्यांना येशू कोण हे ठाऊक होतं, पौल त्यांना त्याचा अर्थ उलगडून दाखवत होता. ज्याला येशू म्हणजे नाताळच्या कॅलेंडरवरचं चित्र, त्याला तुम्ही निष्कर्ष आधी वाचून दाखवलात.

बाहेरच्या लोकांशी पौल कसा बोलायचा, हे बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात आहे. चौदाव्या अध्यायात तो आणि बर्णबा लुस्त्र नावाच्या गावी जातात. जन्मापासून पांगळा असलेला एक माणूस उठून चालू लागतो आणि गावात गलका होतो की देव माणसाच्या रूपानं खाली उतरले. पुजारी बैल आणि फुलांच्या माळा घेऊन वेशीपाशी येतो, यांच्यापुढे बळी द्यायचा म्हणून. दोघं अंगावरचे कपडे फाडत गर्दीत घुसतात आणि ओरडून सांगतात की आम्हीही तुमच्यासारखीच माणसं आहोत. मग पौल बोलतो ते पावसाबद्दल. देवानं तुम्हाला आकाशातून पाऊस दिला, हंगामात पिकं दिली, पोटभर अन्न देऊन तुमचं मन आनंदानं भरलं; म्हणजे त्यानं स्वतःला तुमच्यापासून कधीच पूर्ण लपवलं नाही. यावलच्या केळीवाल्याला यातला एकही शब्द समजावून सांगावा लागणार नाही. (नीट बोललं की सगळं नीट होतं असं मात्र नाही. त्याच लुस्त्रात पुढं लोकांनी पौलाला दगडांनी मारलं आणि मेला समजून गावाबाहेर ओढून टाकलं.)

अथेनैमध्ये, म्हणजे अथेन्समध्ये, तो आणखी वेगळं बोलला. ‘अज्ञात देवाला’ असं लिहिलेली वेदी त्यानं तिथं हिंडताना पाहिली होती, तिथून सुरुवात केली. त्यांच्याच कवींच्या ओळी त्यांना ऐकवल्या. येशूचं मेलेल्यांतून उठणं शेवटी आलं. त्यावर काही जण हसले, काही म्हणाले की याबद्दल तुझं पुन्हा ऐकू, आणि थोडेच त्याच्याबरोबर गेले. इतक्या मोठ्या प्रेषिताचीही तिथली कमाई एवढीच, हे तुमच्या पाळकसाहेबांना एकदा आठवण करून द्यायला हरकत नाही.

लुस्त्रात पाऊस, अथेनैत कवी, पण पौलाच्या बोलण्याचा गाभा बदलत नव्हता. करिंथकरांच्या त्याच पत्रात, पंधराव्या अध्यायात, त्यानं तो लिहून ठेवला आहे : ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठला आणि शिष्य पेत्रापासून पाचशेहून जास्त भावांपर्यंत लोकांना दिसला. हे मला मिळालं तेच मी तुम्हाला दिलं, असं तो म्हणतो. म्हणजे येशूच्या मरणाला पंचवीसेक वर्षं होईपर्यंत हे एकाकडून दुसऱ्याकडे सांगितलं जात होतं. सुवार्ता म्हणजे मुळात हा असा हातोहात पोचलेला वृत्तान्त. तेव्हा मित्राला आधी वृत्तान्त सांगा. तुमच्या जागी मी असते तर साधारण असं बोलले असते :

‘आमचं म्हणणं असं आहे भो. देव एकच, हे सगळं त्यानं केलं, तुलामलाही त्यानंच केलं. माणूस त्याच्यापासून लांब गेला. मी माझंच सांगतो. शेडमध्ये तुमच्याशी हसून बोलतो आणि घरी गेल्यावर पोरांवर खेकसतो. सोडायचं म्हणतो, सुटत नाही. आमच्या पुस्तकात लिहिलंय की देव वर बसून माणूस सुधारायची वाट पाहत राहिला नाही, तो स्वतः आला. नासरेथ नावाचं खेडं होतं, तिथला सुतार. कुष्ठरोग झालेल्याला हात लावायचा. ज्याच्या पंगतीला कोणी बसत नव्हतं त्याच्या घरी जाऊन जेवायचा. लोकांना म्हणायचा, तुझ्या पापांची क्षमा झाली. हे बोलायचा हक्क देवाशिवाय कोणाला नाही, म्हणून धर्माचे मोठे लोक चिडले. पिलात नावाच्या रोमी सुभेदारानं त्याला क्रूसावर दिलं. मरताना तो खिळे ठोकणाऱ्यांसाठी क्षमा मागत होता. तिसऱ्या दिवशी बाया कबरीवर गेल्या तर कबर रिकामी. पहिल्यांदा त्या बायांनाच तो दिसला, आणि त्यांचं त्याच्या माणसांना खरं वाटलं नाही. मग त्यांनाही दिसला. तो जिवंत आहे असं आम्ही मानतो. त्यानं आमचं सगळं आपल्या अंगावर घेतलं, म्हणून आम्हाला क्षमा आहे, असं मानतो. चर्च, नाताळ, बाप्तिस्मा, सगळं यातून आलंय.’

दोन-तीन मिनिटांचं बोलणं आहे. यात पाप आहे, पण ते बोलणाऱ्याच्या घरचं आहे. आणि हे तुमच्या रोजच्या भाषेत बोला. आपल्याकडे मंडळीत उभं राहिलं की साध्या माणसाच्या तोंडातही ‘तद्वतच’ आणि ‘यास्तव’ येतं. अहिराणीत विनोद करणारा माणूस प्रार्थनेला हात वर करताच शंभर वर्षांपूर्वीच्या पुस्तकासारखा बोलू लागतो. माझं माहेर नवापूर तालुक्यातलं. पश्चिम खान्देशात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कँडिनेव्हियातून मिशनरी आले, त्यांना मावची आणि भिली शिकावी लागली. परक्या मुलखातून आलेल्यांनी तेवढं केलं. तुम्हाला तर फक्त लोको शेडचं मराठी बोलायचं आहे.

तो ऐकून घेईल आणि मग खरा प्रश्न विचारेल. वारकरी घरातला माणूस आहे, त्याला देवाची दया नवी नाही. क्षमा करणारा, भक्ताच्या हाकेला धावणारा देव त्याच्या भजनात रोज आहे. नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले आणि आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशा आशयाचं ते म्हणत. तेव्हा त्याची वारी, मुक्ताईची पालखी, त्याच्या मायचं देवघर, यांना ‘अंधार’ म्हणणारी जी भाषा आपल्या व्यासपीठांवरून चालते ती तुमच्या तोंडून निघू नये. पण उलटं टोकही गाठू नका. ‘तुकाराम महाराजांनी पण हेच सांगितलं’ असं म्हणून सगळं एक करून टाकलंत तर तो हुशार आहे, विचारेल, ‘हेच आहे तर मग तुमचं वेगळं चर्च कशाला?’ ख्रिस्ती माणसाचं म्हणणं वेगळं आहेच. पुष्कळ अवतारांतला हा एक, असं तो म्हणत नाही. इतिहासातल्या एका ठरावीक सुभेदाराच्या काळात, एकदाच, हे घडलं आणि त्यानं सगळ्यांचा हिशेब बदलला, असं तो म्हणतो. हे ऐकायला अवघड आहे, तसंच अवघड राहू द्या.

आणि मित्राचा प्रश्न नेमका त्या हिशेबावर येईल : एकानं मरून दुसऱ्याचं कसं फिटतं? ज्याचं कर्म त्यानं भोगायचं, हेच न्यायाचं नाही का?

यावर नव्या करारात एकच उत्तर नाही. कुठं यज्ञाची भाषा आहे, कुठं खंडणी भरून सोडवलेल्या गुलामाची, कुठं तुटलेलं नातं जुळवण्याची, कुठं मरणावर मिळवलेल्या विजयाची. यज्ञाची भाषा यहुदी माणसाला झटकन कळायची. खान्देशातल्या शेतकऱ्याला कर्जाची कळेल, आणि ती येशूनं स्वतः वापरली आहे. कर्जमाफी आपण 2017 ला पाहिली, 2019 ला पाहिली. खातं कोरं झालं म्हणजे पैसा हवेत विरला का? तो सरकारच्या तिजोरीतून बँकेला गेला. माफ करणाऱ्यानं भरला. तुमचा भाऊ तुमचे लाखभर रुपये बुडवून बसला आणि तुम्ही ‘जाऊ दे’ म्हणालात, तर ते लाख रुपये तुम्ही भरलेत. फुकटची क्षमा नसतेच, ती घेणाराला फुकट असते. क्रूसाबद्दल ख्रिस्ती माणूस हेच म्हणतो : देवानं डोळेझाक केली नाही, आणि वसुलीही लावली नाही, स्वतःच्या अंगावर घेतलं. येशू म्हणजे देवानं पकडून आणलेला तिसराच कोणी निरपराध माणूस, असं चित्र उभं राहू देऊ नका. तसं असतं तर तुमच्या मित्राचा आक्षेप बरोबरच ठरला असता. माफ करणारा आणि भरणारा एकच, हे या म्हणण्यातलं मर्म आहे.

इथं तो हसून म्हणेल, ‘कर्जमाफीचं नको सांगू भो. ज्यानं दरवर्षी सोसायटीचं वेळेवर भरलं तो मूर्खच ठरला ना?’ म्हणू द्या. गावोगावच्या पारावर तेव्हा हेच बोललं जात होतं, म्हणून तर नियमित फेडणाऱ्यांना 50 हजारांपर्यंतचा प्रोत्साहन लाभ जाहीर करावा लागला. आणि हेच गाऱ्हाणं लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात, येशूनं सांगितलेल्या एका गोष्टीत, थोरल्या मुलाचं आहे. तेव्हा लगेच त्याला ती गोष्ट सांगा.

ती आपल्याकडची वाटावी अशीच गोष्ट आहे. धाकटा बाप जिवंत असताना वाटणी मागतो. आपल्याकडे याचा अर्थ काय होतो हे सांगायला नको. विकून-सवरून परगावी जातो, उडवतो, दुष्काळ पडतो, डुकरं राखायची पाळी येते. डुकरांच्या पुढ्यातल्या शेंगा खाव्याशा वाटतात, त्याही कोणी देत नाही. मग घराकडे निघतो. वाटेनं पाठ करत येतो : बाबा, मी पाप केलंय, मला गड्यासारखं ठेवा. आणि तो लांब असतानाच म्हातारा त्याला बघतो आणि पळत सुटतो. गावातला प्रतिष्ठित म्हातारा, धोतराचा सोगा हातात धरून, भर दुपारी, सगळ्या आळीच्या देखत पळतोय. पोराचं पाठ केलेलं भाषण पुरं होऊ देत नाही. नवा अंगरखा, बोटात अंगठी, पायात जोडे, पोसलेलं वासरू.

इथं थांबणारे पुष्कळ आहेत. तुम्ही थांबू नका. थोरला शेतातून येतो, वाजंत्री ऐकतो, गड्याला विचारतो आणि ओट्यावरच बसून राहतो. इतकी वर्षं तुमच्याकडे राबलो, कधी एक करडू दिलंत का मला? बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो, त्याची समजूत घालतो. थोरला आत गेला की नाही, ते येशूनं सांगितलंच नाही. ही गोष्ट ऐकायला समोर लोकांनी पापी ठरवलेले जकातदार होते तसे वेळेवर सगळं फेडणारे परूशीही, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणारे यहुदी, होते.

आता वडिलांचं. हे शेवटी ठेवलं कारण सगळ्यात अवघड हेच आहे आणि तुमच्या पत्रात तुम्हीही इथंच अडकला आहात.

मेलेल्यांना तराजूत घालायचा मोह येशूपुढेही आला होता. पिलातानं काही गालीलकरांना यज्ञ चालू असतानाच मारलं, ही बातमी लोकांनी त्याला आणून दिली. ते इतरांपेक्षा जास्त पापी होते म्हणून असं मेले, असं तुम्हाला वाटतं का, असं त्यानंच विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं : नाही. शिलोहाचा बुरूज कोसळून 18 माणसं मेली होती, त्यांच्याबद्दलही तेच म्हणाला. मात्र दोन्ही वेळा लगेच पुढं म्हणाला की तुम्ही तुमचं बघा, पश्चात्ताप करा. मेलेल्याबद्दलचा प्रश्न त्यानं विचारणाऱ्याच्या हातात परत दिला. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्य विचारतात, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापाचं? त्यावरही तो आईबापाला मध्ये घेत नाही.

‘माझा बाप पापी होता का’ याला ‘नाही रे, तुझे वडील देवमाणूस होते’ असं गुळमुळीत उत्तर देऊ नका. ते खोटं ठरेल आणि त्याला कळेल. सगळ्यांनी पाप केलं, हे ख्रिस्ती माणूस मानतोच. पण त्या ‘सगळ्यांत’ तुमचा बाप, तुमचा आजा, पाळकसाहेब आणि हे सदर लिहिणारी मीही आलेच, हे त्या दिवशी तुमच्या तोंडून आलं नाही. त्यामुळे त्याला ते बोट त्याच्याच घराकडे दाखवल्यासारखं वाटलं.

‘कुठं गेला तो’ याबद्दल ख्रिस्ती लोकांतच मतं वेगळी आहेत आणि ती झाकायचं काही कारण नाही. येशूवरच्या विश्वासाशिवाय तारण नाही, असं तुमच्या-माझ्यासारख्या बऱ्याच मंडळ्यांत ठामपणे शिकवतात. कॅथलिक चर्चनं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, 1964 च्या दस्तऐवजात, म्हटलं आहे की ज्यांना आपल्या दोषाविना सुवार्ता कळली नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात, त्यांचंही तारण होऊ शकतं. रोमकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायाचा आधार घेऊन काही प्रॉटेस्टंटही तिकडे झुकतात. माझा स्वतःचा आधार उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायातला, यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम याचा प्रश्न आहे. तो देवालाच तोंडावर विचारतो : सगळ्या जगाचा न्यायाधीश न्यायानं वागणार नाही का? यापुढं जाऊन कोणाच्या बापाचा पत्ता सांगायचं काम मला दिलेलं नाही, तुम्हालाही नाही.

तेव्हा त्यानं पुन्हा विचारलं तर म्हणा, ‘भो, तो निवाडा माझ्याकडे नाही. ज्याच्याकडे आहे तो अन्याय करणार नाही, एवढं मी मानतो. तुझ्या वडिलांना मी ओळखत होतो आणि मला त्यांची आठवण येते.’ शेवटचं वाक्य खरं असेल तरच.

पुढचं त्याच्यावर सोडा. त्याला वाचावंसं वाटलं आणि त्यानं मागितलं, तर अख्खं पवित्र शास्त्र हातात देऊ नका, उत्पत्तीपासून सुरू करून लेवीयमध्ये अडकलेले मी बरेच पाहिलेत. सोप्या मराठीतल्या भाषांतरातलं मार्कचं शुभवर्तमान द्या. 16 अध्याय, एका रात्रपाळीत वाचून होतात. वाचून तो म्हणाला की छान आहे पण मला माझा विठोबा बरा, तर पुढच्या दिवशी डबा उघडताना तुमचा चेहरा आदल्या दिवशीसारखाच हवा. तो कधीच काही म्हणाला नाही, तरी हेच.

घरी जायला रविवार पाहू नका. रविवारी तुम्ही सकाळची उपासना उरकून जाल आणि त्याची माय पहिलं हेच विचारेल की चर्चमधून आलात का. मधल्या वारी ड्युटी सुटली की यावलची बस धरा. बायकोला बरोबर न्या, दोन पुरुष समोरासमोर बसले की पाच मिनिटांत इंजिनांवर घसरतात. पिशवीत पुस्तक नको. आणि यावलला केळी घेऊन जाऊ नका, बिस्किटं न्या.